घटना सिरोंच्याची, मत मुंबईचे

२९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. दोघेही तारखात्याचे नोकर. पीटर नावाचा त्यांचा तिसरा साथीदार निसटला आणि चांद्याचा (आजच्या चंद्रपूरचा) डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याला जाऊन मिळाला. हल्लेखोर होते मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांचे लोक. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. बातमी वाहून नेणारी तार ज्यांच्या हातात होती तेच या जंगलातल्या उठावात मारले गेले, हा योगायोग म्हणावा. पण तो विसरण्यासारखा नाही.

हा तपशील आपल्याला मिळतो तो जिंकणाऱ्यांच्या कागदांतून. मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल १८६९ चा, आणि नंतरची गॅझेटियरे त्याच वाटेने चालली. त्या कागदांत बाबुराव बंडखोर आहेत, लक्ष्मीबाई राजनिष्ठ आहेत, आणि वाचणारा आहे नागपूर-कलकत्त्याचा साहेब. २००९ मध्ये भारतीय टपाल खात्याने याच बाबुरावांचे तिकीट काढले. मधल्या दीडशे वर्षांत चिंचगुंडीच्या रात्रीबद्दल नवा पुरावा असा काहीच पुढे आला नव्हता. बदलला होता तो बोलणारा आणि ऐकणारा.

तेव्हापासून आजपर्यंत गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याच्या टोकाला, जे जे घडले त्याचा निवाडा सिरोंच्यात झालेला नाही. आधी तो चांद्याला होई, मग नागपूरला, मग मुंबई-दिल्लीला. आता तो ज्याच्या हातात फोन आहे त्या कुणाच्याही हातात आहे. घटनास्थळापासून निवाडा जितका लांब गेला, तितका बोलणाऱ्याचा सूर चढत गेला. समाजमाध्यमांवरच्या राजकीय भाषेने लोकमत बिघडवले असे हल्ली सगळेच म्हणतात. गडचिरोलीचा इतिहास जरा मागे जाऊन पाहिला तर हे दुखणे जुनेच दिसते. त्यात नवे काय आले, एवढेच पाहायचे आहे.

सिरोंचा हे कधीकाळी जिल्ह्याचे ठिकाण होते, हे आज तिथल्याही पुष्कळांना ठाऊक नसेल. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरी-प्राणहितेच्या डाव्या काठचे तालुके घेऊन इंग्रजांनी अप्पर गोदावरी जिल्हा केला आणि कचेरी सिरोंच्याला आणली. कारण होते कापूस. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि सर आर्थर कॉटन विलायतेत सांगत होते की गोदावरीतून बोटी चालवल्या की वऱ्हाडचा कापूस थेट समुद्राला लागेल. नदीतले खडक फोडायचे, प्राणहितेवर देवलमरीपर्यंत अडथळे पार करायचे. १८७१ मध्ये हे काम सोडून दिले गेले, १८७४ मध्ये जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांद्याची तहसील होऊन बसले. कॉटन यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या साऱ्या वादात सिरोंच्याचे नाव नकाशावरच्या एका टिंबापुरते होते, आणि टिंबाला कुणी काही विचारत नाही.

नोव्हेंबर १९८० मध्ये प्राणहिता ओलांडून आलेल्या पीपल्स वॉर या नक्षलवादी पक्षाच्या पहिल्या तुकडीतला पेद्दी शंकर सिरोंचा तालुक्यात पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आंध्रात हा पक्ष स्थापन झाला होता. गडचिरोली जिल्हा तर अजून जन्मायचाच होता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. म्हणजे या जिल्ह्याचे वय त्याच्या युद्धापेक्षा कमी आहे. तेंदूपत्त्याची मजुरी, वनखात्याच्या लोकांची दांडगाई, ठेकेदारांची लूट यांवर तुकड्यांनी पाय रोवले, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. पण त्याच तुकड्यांनी एक दुसरी गोष्टही आणली: पत्रक.

हे पत्रक जवळून पाहायला हवे. कधी छापील, कधी वहीच्या कागदावर हाताने लिहिलेले. रस्त्यात आडव्या पाडलेल्या झाडावर लाल कापडाचे बॅनर, २८ जुलैपासून शहीद सप्ताह, २ डिसेंबरपासून पीएलजीए (त्यांच्या सशस्त्र दलाचा) सप्ताह, बंद पाळा. त्या दिवसांत आतल्या गावांची एसटी मुक्कामाला जात नसे, आठवडी बाजार ओस पडे. आणि कधी तेच पत्रक गावाबाहेरच्या रस्त्यावर पडलेल्या मृतदेहाच्या अंगावर ठेवलेले: नाव, गाव, आणि ‘पोलिसांचा खबऱ्या’ हा ठपका. पोलीस पाटील, सरपंच, साधे शेतकरी असे शेकडो लोक या जिल्ह्यात या एका ठपक्याने गेले. आरोप, पुरावा आणि शिक्षा एकाच कागदावर, आणि बचावाचा जबाब नाही. राजकीय भाषणबाजी माणसाचे काय करू शकते हे शिकायला गडचिरोलीला मोबाईलची वाट पाहावी लागली नाही. पुण्या-मुंबईच्या काही पुरोगामी मंडळींनी चळवळीची बाजू मांडताना या कागदांकडे डोळेझाक केली, हेही इथेच नोंदवलेले बरे.

सरकारची बाजूही कागदातूनच येई. पोलीस मदत केंद्रातून जिल्हा मुख्यालयाकडे निरोप, तिथून प्रेसनोट, प्रेसनोटवरून नागपूरची बातमी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एसटीने सिरोंच्याला पोचणारा पेपर. गडचिरोलीपासून सिरोंचा दोनशे किलोमीटरहून लांब. या संथपणाचे गोडवे गायचे कारण नाही, त्यात कितीतरी गोष्टी दडपल्या गेल्या. तरी त्या एक-दोन दिवसांच्या फटीत अहेरीचा किंवा आलापल्लीचा एखादा वार्ताहर गावात कुणाला तरी विचारू शके, आणि ‘पोलिसांनी सांगितले’ असे लिहायचे की ‘घडले’ असे लिहायचे, याचा निर्णय कुणीतरी संपादक करी. चुकीचा करी, पण करी.

ती फट आता बुजली. २२ एप्रिल २०१८ रोजी भामरागड तालुक्यात इंद्रावतीच्या काठी कसनासूर-बोरियाची चकमक झाली. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा लहान होता. नदीतून मृतदेह निघत गेले तसा तो वाढत गेला. जवान नाचत असल्याची चित्रफीत फोनाफोनी फिरली. दुसरीकडे एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्लीचे लोक सांगत होते की आमची पोरे लग्नाला म्हणून गेली ती परतली नाहीत. पोलीस म्हणत होते की ती नुकतीच दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या तुकडीत, भरती झाली होती. यात खरे काय, हा प्रश्न तपासाचा होता. पण मुंबई-पुण्यात तो तपासाचा राहिलाच नाही. नाच पाहून छाती फुगली की तुम्ही देशाच्या बाजूचे, गट्टेपल्लीचे नाव काढले की नक्षल्यांच्या बाजूचे. वर्षभराने, १ मे २०१९ रोजी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांचा चालक गेला. तीच माणसे, तेच फोन, फक्त चित्र बदलले.

या दोन्ही चित्रांत एक गोष्ट कुणी दाखवली नाही. सी-६० हे दल १९९० मध्ये याच जिल्ह्यातल्या पोरांचे उभे केले गेले. त्यातले कितीतरी जण गोंड-माडिया आहेत, आणि दलममधलेही कितीतरी जण गोंड-माडिया. चकमकीच्या दोन्ही अंगांना पुष्कळदा एकाच बाजारात मीठ-मिरची घेणाऱ्या घरांतली मुले असतात. हे माहीत असणारा माणूस चकमकीनंतर ‘अभिनंदन’ टाकत नाही आणि ‘लाल सलाम’ही टाकत नाही. त्याला पाळायचे असते ते सुतक.

मग युद्धाचे ठिकाणच बदलले. ६ जून आणि २८ ऑगस्ट २०१८ रोजी एल्गार परिषदेच्या प्रकरणात माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून वकील, प्राध्यापक, लेखक यांना अटक झाली. २८ ऑगस्टला चित्रपट दिग्दर्शक विवेक अग्निहोत्री यांनी ट्विटरवर ‘अर्बन नक्षल’चा बचाव करणाऱ्यांची यादी करण्याचे आवाहन केले, आणि त्याला उत्तर म्हणून हजारो लोकांनी ‘मीही अर्बन नक्षल’ असे लिहून टाकले. एक शिवी, आणि त्या शिवीचा मिरवायचा बिल्ला. दोन्ही छावण्या खूश. २०२० मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी संसदेत लेखी सांगितले की गृहमंत्रालय ही संज्ञा वापरत नाही. मंत्रालय वापरत नव्हते, प्रचारसभा वापरत होत्या. नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्राच्या निवडणुकीत राहुल गांधींच्या हातातल्या संविधानाच्या लाल पुठ्ठ्यावरूनही हाच आरोप झाला. त्याआधी जुलै २०२४ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक आले. नक्षलवाद शहरांत पसरतो आहे, असे त्याच्या उद्देशातच लिहिले होते. हरकतींचा पाऊस पडला, संयुक्त समितीने ‘व्यक्ती व संघटना’ असा मोघम शब्दप्रयोग काढून रोख कडव्या डाव्या संघटनांपुरता मर्यादित केला, आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. सात वर्षांत ट्विटरवरची शिवी विधानसभेत पोचली. या विधेयकाच्या बाजूने आणि विरोधात महाराष्ट्रात जे बोलले गेले त्यात गडचिरोली हा दाखला होता, विषय नव्हता.

न्यायालयांची गती याच्या शेजारी ठेवून पाहा. प्रा. जी. एन. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये जन्मठेप दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने सोडले, दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले आणि १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ते हैदराबादला वारले. त्यांच्यासोबत शिक्षा झालेला गडचिरोलीचा आदिवासी पांडू नरोटे हा निकालाआधी, २०२२ मध्येच, कैदेत मेला. लोकांचे मत २०१७ मध्येच कायम झाले होते, आणि निकालाने ते बदलले असे म्हणण्याजोगे काही दिसत नाही. नरोटेबद्दल तर मत बनवण्याइतकीही कुणाला फुरसत नव्हती.

बंदुकीच्या संघर्षातच असे होते असे नाही. सिरोंच्याला अलीकडे सगळ्यांत मोठा घाव बसला तो पाण्याचा. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगणाचा करार झाला आणि गोदावरीवर मेडीगड्ड्याचा बंधारा उभा राहिला. त्याची एक बाजू तेलंगणात, दुसरी सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीला. २१ जून २०१९ ला तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी उद्घाटन केले, तेव्हा देवेंद्र फडणवीस मंचावर होते. जगातला सर्वांत मोठा उपसा सिंचन प्रकल्प, अशी तेलुगू समाजमाध्यमांत ललकारी होती. पलीकडच्या पंपांची चित्रे फिरली, अलीकडच्या कापसा-मिरचीच्या शेतात घुसलेले पाणी मात्र फिरले नाही.

जुलै २०२२ मध्ये गोदावरीला महापूर आला. भद्राचलमला १९८६ नंतरची सर्वांत मोठी पातळी नोंदली गेली, काळेश्वरच्या बाजूचे कन्नेपल्ली पंपघर बुडाले, आणि सिरोंच्याच्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. १७ जुलैला चंद्रशेखर राव भद्राचलमला म्हणाले की ढगफुटीमागे परदेशी हात असल्याचे बोलले जाते. बस, पुढचे कित्येक दिवस तेलुगू आणि इंग्रजी फोनांवर तेवढाच विषय: टिंगल, चित्रे, उत्तरे, प्रत्युत्तरे. भाजप आणि काँग्रेस यांनी हसून घेतले, राव यांच्या माणसांनी बचाव केला. सिरोंच्याचा शेतकरी विचारत होता तो प्रश्न याहून फार साधा होता. बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडले, कधी लावले, मागे फुगलेले पाणी माझ्या शेतात किती आले, खचलेल्या काठाची जमीन कुणाच्या नावावर गेली, आणि तिचे पैसे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मिळणार की नाही? बारा गावांचे लोक यासाठी तहसील कचेरीसमोर बसले. मराठी वाचकांपैकी किती जणांना ते बसल्याचे कळले, आणि किती जणांना ढगफुटीचा विनोद कळला, हे प्रत्येकाने आपापल्या फोनात पाहावे.

पुढचे वर्ष तर पाठ्यपुस्तकात घालावे असे. २१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी बंधाऱ्याचे खांब खचले. तेलंगणाची निवडणूक महिन्यावर. मोठा आवाज झाला म्हणून घातपाताच्या संशयाची तक्रार महादेवपूर पोलिसांकडे गेली. राहुल गांधी २ नोव्हेंबरला बंधारा पाहून आले. प्रकल्प म्हणजे मुख्यमंत्र्यांचे एटीएम, असा घोष विरोधकांनी लावला. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने नियोजन, आराखडा, बांधकामाचा दर्जा आणि देखभाल अशा सगळ्याच ठिकाणी दोष दाखवले. ‘घातपात’ आणि ‘एटीएम’ या दोन घोषणांवर तेलंगणाने मत बनवले आणि मतदानही केले. सिरोंच्याचा मतदार तेलुगू समजतो, त्याचे सोयरे पलीकडे आहेत, मिरची तोडणीला माणसे पलीकडेच जातात. तो हे सगळे फोनवर पाहत होता. पण त्याचे मत महाराष्ट्रात, आणि महाराष्ट्राला हा विषयच नव्हता.

दोन राज्यांच्या सीमेवरच्या माणसाची ही खास गत आहे. ज्या भाषेत त्याच्या प्रश्नावर आरडाओरडा चालतो तिथे त्याला मत नाही, आणि जिथे मत आहे तिथे त्याच्या प्रश्नाला भाषा नाही.

मग या माध्यमाने नवे काय आणले? खोटे तर पत्रकातही होते, प्रेसनोटमध्येही होते. दूरच्याला जवळचे सांगण्याचा मक्ता ल्युसी स्मिथांच्या काळापासून आहे. नवे दोन आहेत. पहिले, मत बनण्याआधीच ते जाहीर करावे लागते. बातमी, पुढाऱ्याचा सूर आणि आपला अंगठा हे एकाच पडद्यावर एकाच क्षणी येतात. ऐकले, रात्रभर मनात राहिले, सकाळी कुणाशी बोललो, अशी सवड उरत नाही. दुसरे, सांगणाऱ्याला विचारता येत नाही. बाजारात अफवा सांगणारा ओळखीचा असे, ‘तुला कुणी सांगितले’ असे त्याला विचारता येई. १ जुलै २०१८ रोजी धुळ्याच्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी म्हणून भिक्षा मागणाऱ्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना ठेचून मारले गेले, तेव्हा त्या निरोपाला बापच नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप पाच ठिकाणांपुरता मर्यादित केला. पण २०२० च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला, तेव्हा निरोपाला बाप लगेच मिळाले, आणि ते राजकीय होते. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, हे सांगण्यासाठी गृहमंत्री अनिल देशमुख यांना यादी प्रसिद्ध करावी लागली. गृहमंत्र्याला असला खुलासा करावा लागतो तिथे बाकी बोलायचे काही राहत नाही.

गडचिरोलीत आता बंदूक खाली जाते आहे, आणि ती जातानाही हेच दिसते. माओवादी नेत्या ताराक्का १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांसमोर शरण आल्या. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती साठ सहकाऱ्यांसह आला. हाच ‘अभय’ या नावाने माओवादी पक्षाची पत्रके काढणारा प्रवक्ता. शस्त्रे खाली ठेवण्याचा त्याचा प्रस्ताव आणि तो त्याचा एकट्याचा आहे असा तेलंगणाच्या साथीदारांचा खुलासा, हा सगळा भाऊबंदकीचा वाद पत्रकारांच्या फोनांतून जगाने वाचला. चाळीस वर्षांचे युद्ध प्रेसनोटांच्या देवाणघेवाणीत विरघळताना पाहणे विलक्षण होते. केंद्रीय गृहमंत्र्यांनी ३१ मार्च २०२६ ही नक्षलवाद संपवण्याची तारीख आधीच जाहीर केली होती, त्यामुळे प्रत्येक शरणागती त्या तारखेच्या हिशोबात जमा झाली. शरण येणाऱ्याने चाळीस वर्षांत कुणाला मारले, त्या घरांना काय मिळाले, आणि ज्या मजुरी-जंगलाच्या तक्रारीवर हे सगळे सुरू झाले तिचे काय झाले, याला त्या हिशोबात रकाना नाही.

यावर उपाय म्हणून समाजमाध्यमांना शिव्या घालणे सोपे आहे. त्यापेक्षा एक ठोस मागणी करावीशी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात चकमकींसाठी सोळा नियम घालून दिले. चकमकीत मृत्यू झाला की दंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची, आणि शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत पाळी सोडून बढती वा तत्काळ शौर्यपदक नाही. खटला आपल्याच राज्याचा होता. चकमकीनंतर काही तासांत जप्त केलेल्या बंदुका आणि पिट्टू (पाठीवरच्या पिशव्या) मांडून ठेवलेले छायाचित्र समाजमाध्यमांतल्या सरकारी खात्यांवर झळकते. चौकशीचा निष्कर्ष मात्र लोकांच्या फोनपर्यंत येत नाही. ज्या खात्यावर पहिले छायाचित्र लागले, त्याच खात्यावर चौकशीचा निष्कर्षही लागला पाहिजे, मराठीत, तेलुगूत आणि माडियात ऐकता येईल असा. ‘खबऱ्या’ म्हणून मारल्या गेलेल्या प्रत्येकाच्या खुनाचा तपास कुठवर आला, हेही तिथेच आले पाहिजे. मेडीगड्ड्याचे दरवाजे कधी उघडले याची नोंद आणि बारा गावांच्या मोबदल्याची स्थितीही सिरोंच्याच्या तहसीलदारांनी तशीच लावावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, मुंबईतून एक आदेश निघाला तरी पुरे आहे, आणि तो काढण्याची मागणी सिरोंच्याने एकट्याने करावी अशी अपेक्षा उरलेल्या महाराष्ट्राने ठेवू नये.